क्रेनने झाड उतरवणे : ऑपरेटर आणि झाडावरचा माणूस यांच्यातल्या कामाचा क्रम

लोखंडी गर्डर उचलताना तो आधी जमिनीवर पडलेला असतो. हुकवर ताण आला आणि वजन जास्त वाटले, तर ऑपरेटर तो आहे तिथेच पुन्हा टेकवतो. झाडाच्या कामात ही सोय नाही. फांदी तुटून सुटली की तिचे सगळे वजन एका क्षणात हुकवर येते आणि ती परत खोडाला चिकटवता येत नाही. लोड इंडिकेटर (हुकवरचे वजन दाखवणारा मापक) ओरडायला लागला तर ओरडू दे बापडा, तोवर कापून झालेले असते.

म्हणून वजन किती, रेडियस (क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून हुकपर्यंतचे आडवे अंतर) किती, तुकडा हुकला बांधायचा बेल्ट कुठे, तुकडा सुटल्यावर कुठे झुलेल, ही उत्तरे करवत सुरू होण्याआधी हातात हवीत. प्रत्यक्षात घोळ असा होतो : झाडवाले ‘एवढी मोठी क्रेन आहे’ म्हणून मोठा तुकडा घेतात, आणि ऑपरेटर ‘झाडाचे वजन यांना कळत असेल’ म्हणून उचलतो. हिशोब दुसऱ्याने केला असेल असे दोघेही धरून चालतात. खालचा क्रम हा घोळ मोडण्यासाठी आहे.

## १. क्रेन बोलावण्याआधी जागा आणि झाड पाहा

ऑपरेटरला फोनवर झाडाची उंची सांगून क्रेन मागवणे ही पहिली चूक. त्याला उंचीपेक्षा अंतर जास्त महत्त्वाचे असते. क्रेन जिथे उभी राहील तिथून झाडाच्या सगळ्यात लांबच्या फांदीपर्यंतचे आडवे अंतर टेपने मोजा. तुकडे जिथे उतरवायचे तिथपर्यंतचेही मोजा. शक्य असेल तर ऑपरेटरला आधी जागेवर आणा. त्याच्या नजरेला ज्या गोष्टी पडतात त्या झाडवाल्यांना दिसत नाहीत.

जमिनीखाली काय आहे ते विचारा : शोषखड्डा, गटाराची लाइन, पाण्याची टाकी, नुकताच बुजवलेला चर. जुन्या झाडाचा बुडखा मातीत कुजून गेला असेल तर वरून जमीन टणक दिसते आणि जॅकखाली, म्हणजे क्रेन टेकवायच्या पायांखाली, बसते.

मग झाड. खोडावर लाकडी हातोडीने ठोकत फिरा. आवाज पोकळ येतो का, बुंध्याशी अळंबी आली आहे का, बेचक्यात फट आहे का, मुळांकडची माती उचललेली दिसते का? ढोलीत पाणी साठलेले असते, जुन्या दुरुस्तीचे सिमेंट भरलेले असते, सालीखाली लोखंडी साखळी गिळलेली असते. प्रत्येकाने वजनाचा हिशोब किंवा करवतीची साखळी बिघडते. वेली शेजारच्या झाडात गेल्या असतील तर त्या आधी तोडायच्या, कारण अडकलेला तुकडा वर ओढताना अचानक सुटला की झटका थेट बूमला, म्हणजे क्रेनच्या लांब हाताला, बसतो.

सावधान : विजेची तार जवळ असेल तर आधी पुरवठा बंद करून घ्या आणि तो बंद झाल्याची खात्री वीजवितरण करणाऱ्यांकडूनच घ्या. अमेरिकेतल्या बांधकाम-क्रेनच्या नियमांत ३५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून २० फूट (सुमारे ६.१ मीटर) हे सुरुवातीचे अंतर धरले आहे. तुमच्याकडचा नियम याहून कडक असेल तर तो पाळा. हे अंतर बूमचे टोक, वायर रोप, हुकला लटकणारी फांदी, सगळ्यांनाच लागू आहे. फांदी फिरते, हे विसरू नका.

## २. वजनाचा हिशोब कागदावर करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ताज्या, ओल्या लाकडाचे वजन जातीप्रमाणे बदलते, पण बहुतेक झाडांचे दर घनमीटरला ८०० ते १,१०० किलोच्या दरम्यान येते. जात नक्की माहीत नसेल तर १,००० धरा; पाण्यात बुडणारे जड लाकूड असेल तर त्याहून जास्त. वाळलेल्या लाकडाचा तक्ता पाहून हिशोब करणारे इथेच फसतात.

सूत्र सोपे आहे : व्यास × व्यास × ०.७८५ × लांबी × घनता. मापे मीटरमध्ये. घेर मोजला असेल तर त्याला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. १,००० किलोच्या घनतेने खोडाच्या दर मीटर लांबीचे वजन साधारण असे येते :

- ३० सेंमी व्यास : ७० किलो
- ४० सेंमी : १२५ किलो
- ५० सेंमी : १९५ किलो
- ६० सेंमी : २८५ किलो
- ८० सेंमी : ५०० किलो
- १०० सेंमी : ७८५ किलो

व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होते. ४० सेंमीच्या फांदीवर बसलेला अंदाज ८० सेंमीच्या खोडाला लावला की गणित पार कोलमडते. नजरेने वजन सांगणारे अनुभवी लोक बारीक फांद्यांत बरोबर निघतात आणि बुंध्याशी आल्यावर कमी सांगतात, हे पुन्हा पुन्हा दिसते.

आता क्रेनची बाजू. क्रेनच्या नावातले टन म्हणजे अगदी जवळच्या रेडियसला, पूर्ण काउंटरवेट (तोल राखायला मागे लावलेले वजन) लावून आणि पाय पूर्ण पसरून मिळणारी क्षमता. झाडापर्यंत हात लांबवला की त्यातला लहानसा भाग उरतो. म्हणून ‘क्रेन किती टनांची?’ विचारून उपयोग नाही. विचारायचे ते हे : ‘इतक्या मीटर रेडियसला, इतकी बूम काढून, आज जशी उभी आहे तशी, क्रेनच्या क्षमतेच्या तक्त्यात काय लिहिलंय?’

एक उदाहरण घेऊ. समजा १८ मीटर रेडियसला तक्ता ३,००० किलो दाखवतो. त्यातून हुक ब्लॉकचे (हुक आणि त्याच्या कप्प्यांचे) २५० आणि बेल्ट व शॅकलचे (जोडणीच्या लोखंडी कडीचे) ५० किलो वजा करा. उरले २,७०० किलो. लाकडाचे वजन हा शेवटी अंदाजच, म्हणून याच्या ७० टक्क्यांवर थांबा : १,८९० किलो. ६० सेंमीच्या सरळ खोडाचे ६ मीटर म्हणजे १,७१० किलो, कागदावर बसते. पण त्याला दोन फांद्यांचे खुंट असतील तर ५ मीटरवरच कापा. झाड पोकळ किंवा वाकडेतिकडे असेल तर मी ७० टक्क्यांऐवजी ५० टक्केच धरतो. एखादी खेप वाढते, एवढेच.

रेडियस फक्त उचलायच्या जागेचा पाहू नका. तुकडा उचलल्यापासून टेकवेपर्यंतच्या वाटेत जिथे रेडियस सगळ्यात जास्त होतो, तिथली क्षमता धरायची. काही क्रेनची पुढच्या, बाजूच्या आणि मागच्या दिशेची क्षमताही वेगळी असते.

तपासा : तक्ता त्याच क्रेनचा आणि आजच्याच मांडणीचा आहे ना? जागा कमी म्हणून एका बाजूचे पाय अर्धेच काढले असतील तर पूर्ण पायांचा तक्ता चालत नाही.

## ३. क्रेन उभी करणे

हे काम ऑपरेटरचे, त्यात झाडवाल्यांनी घाई करू नये. ‘थोडं अजून पुढे घे’ म्हणून त्याला भुसभुशीत कडेला ढकलू नका.

ओझे उचलून बूम एका कोपऱ्यावर आली की क्रेनच्या आणि ओझ्याच्या वजनाचा मोठा हिस्सा त्या एका पायावर येतो. म्हणून प्रत्येक पायाखाली रुंद, अखंड पॅड किंवा जाड लाकडी स्लीपर लागतात. विटांचे तुकडे आणि फळकुटे रचून काम भागवणे बंद करा. चर किंवा खड्डा जवळ असेल तर त्याच्या खोलीइतके तरी अंतर सोडा, माती सैल असेल तर दुप्पट. चाके जमिनीवरून उचललेली हवीत आणि क्रेन लेव्हलला हवी. थोडा कल असला तरी लांब बूमची क्षमता झपाट्याने घटते.

मागचे काउंटरवेट फिरते तेव्हा भिंत आणि क्रेन यांच्यामध्ये माणूस चिरडू शकतो. तेवढा भाग दोरी बांधून बंद करा. पहिले दोन-तीन तुकडे उतरले की पायांपाशी पुन्हा चक्कर मारा. पॅड रुतले असतील तर तेव्हाच कळते.

## ४. कामाआधीचे बोलणे

दहा मिनिटे पुरतात, पण सगळे एकत्र उभे असताना. ऑपरेटर केबिनमध्ये, चढणारा दोर लावतोय आणि मुकादम मधूनच ओरडून सांगतोय, याला बैठक म्हणत नाहीत.

ठरवायच्या गोष्टी अशा : तुकड्यांचा क्रम, प्रत्येकाचे अंदाजे वजन, उतरवायची जागा, इशारे देणारा कोण, थांबवायचे कुणी. शेवटच्याचे उत्तर ठरलेले आहे, ‘थांब’ कुणीही म्हणू शकतो आणि ऑपरेटरने कारण न विचारता थांबायचे. बाकीचे सगळे इशारे मात्र एकाच माणसाचे. तुकडा बांधताना आणि कापताना बहुतेक वेळा तो चढणारा असतो, खाली उतरवताना जमिनीवरचा सिग्नलमन. जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे गेली की रेडिओवर स्पष्ट सांगायचे : ‘आता खालून ऐक.’ ऑपरेटरने ते परत म्हणायचे.

वजनाबाबत शेवटचा शब्द ऑपरेटरचा. त्याने ‘नाही’ म्हटले की तुकडा छोटा करायचा, वाद नाही. झाडाच्या अवस्थेबाबत शेवटचा शब्द चढणाऱ्याचा.

हेल्मेटमधला, हात न लावता चालणारा रेडिओ घ्या. चढणाऱ्याचे दोन्ही हात करवतीवर असतात, बटण दाबायला तिसरा हात आणणार कुठून? आज्ञा ठरावीक शब्दांत हव्यात. ‘घे’ म्हणजे वायर वर की बूम वर? ‘सोड’ म्हणजे हुक खाली की तुकडा मोकळा? हे दोन शब्द रेडिओवर वापरू नका. आधी काय, मग दिशा, मग अंतर, शेवटी थांबा : ‘हुक खाली, दोन मीटर… एक… अर्धा… थांब.’ डावे-उजवे नेहमी ऑपरेटरच्या बाजूने. आवाज तुटला की ऑपरेटरने सगळ्या हालचाली थांबवायच्या, मागचा इशारा पुरा करायचा नाही.

हाताचे इशारेही सगळ्यांना यायला हवेत, कारण बॅटरी संपते. तर्जनी वर करून हात गोल फिरवला की हुक वर, तर्जनी खाली करून फिरवला की हुक खाली. हात लांब करून अंगठा वर म्हणजे बूम वर, अंगठा खाली म्हणजे बूम खाली. तळवा जमिनीकडे करून हात आडवा हलवणे म्हणजे थांब. दोन्ही हात तसेच हलवले तर तातडीने थांब.

तपासा : झाडावर माणूस जखमी झाला तर त्याला उतरवणार कोण? चढता येणारा दुसरा माणूस, त्याचा दोर आणि साज खाली तयार हवा.

## ५. बेल्ट बांधणे

बेल्टवरचे लेबल वाचता येत नसेल तर तो बेल्ट बाजूला टाका. चिरलेला, जळालेला, गाठ मारलेला बेल्टही नको. बेल्ट फास घालून बांधला की त्याची क्षमता सरळ लटकवण्याच्या सुमारे ७५ ते ८० टक्के उरते, आणि फासाचा कोन फार आवळला तर आणखी कमी.

दोन पायांचा बेल्ट लावताना पाय फार पसरू देऊ नका. आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक पायावर ओझ्याच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो, ४५ अंशांना ७१ टक्के आणि ३० अंशांना पूर्ण १०० टक्के. म्हणजे ३० अंशांवर दोन बेल्ट लावूनही एकाएकावर सगळ्या ओझ्याइतका ताण पडतो.

उभ्या तुकड्याला बेल्ट त्याच्या गुरुत्वमध्याच्या वर हवा. साध्या ओंडक्यात हा मध्य मधोमध किंवा जरा खाली असतो, म्हणून वरच्या एक तृतीयांश भागात बांधला की पुरते. पालवीचा शेंडा असेल तर वजन वर सरकते आणि बेल्टही वर न्यावा लागतो. खाली बांधलेला शेंडा सुटताच उलटा होऊन चढणाऱ्यावर येतो. बेल्ट शक्यतो फांदीच्या खुंटाखाली किंवा बेचक्याखाली बसवा म्हणजे तो वर निसटणार नाही. झाड वाढीच्या दिवसांत असेल तर साल रसाने सुटी झालेली असते आणि बेल्टसकट सोलून निघते. तिथे दोन वेढे घ्या.

आडव्या फांदीला दोन ठिकाणी बेल्ट लावून ती आहे तशीच उचलता येते, किंवा टोकाकडे एक बेल्ट लावून उभी करता येते. कोणते करायचे ते आधी ऑपरेटरला सांगा, कारण फांदी उभी होताना हुकची जागा सरकते.

सावधान : कुजलेल्या भागाभोवती फास घालू नका. बेल्ट टिकतो, लाकूड त्याच्या आत मोडते.

## ६. ताण देणे आणि कापणे

क्रम असा आणि तो मोडायचा नाही :

१. हुक बरोबर बेल्टच्या वर आणा. वायर तिरपी दिसता कामा नये. बूम सरळ खालच्या ओढीसाठी बनवलेली असते, आडवी ओढ तिला फार कमी झेपते.

२. ऑपरेटर हळूहळू ताण घेतो. मापकावर तुकड्याच्या अंदाजे वजनाइतका आकडा आला की थांबायचे. ताण घेतला की बूम वाकते, गळाला मासा लागल्यावर काठी वाकते तशी, आणि टोक बाहेर सरकून रेडियस वाढतो. ऑपरेटरने बूम थोडी वर घेऊन हुक पुन्हा बेल्टच्या वर आणायचा.

३. चढणारा स्वतःची जागा तपासतो. त्याचे दोन्ही बंधन, म्हणजे चढाईचा दोर आणि कमरेची स्टील-गाभ्याची दोरी, उरणाऱ्या खोडाला हवीत. दोन्ही कापाच्या रेषेखाली. कापल्या जाणाऱ्या तुकड्याला काहीही अडकलेले नको, करवतीची दोरीसुद्धा.

४. तुकडा सुटल्यावर ज्या बाजूला जाईल त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहून कापा. उभ्या खोडाला सरळ आरपार काप चालतो. तुकडा हलेल अशी शंका असेल तर दोन विरुद्ध बाजूंनी, थोडे वर-खाली, एकमेकांना ओलांडणारे दोन काप घ्या. तुकडा जागेवरच राहतो. मग करवत बंद करून चढणारा बाजूला सरकतो आणि ऑपरेटर तुकडा मोडून उचलतो. मला हीच पद्धत जास्त पटते, कारण सुटण्याच्या क्षणी माणूस करवतीवर नसतो.

५. ‘मोकळा’ असा शब्द आल्याशिवाय ऑपरेटरने वर घ्यायचे नाही.

दुसऱ्या टप्प्यावर नेहमीच्या दोन चुका होतात. ताण कमी दिला तर तुकडा सुटताच खाली बसतो, करवत दाबून धरतो आणि बूमला झटका देतो. ताण जास्त दिला तर तुकडा उसळून वर उडतो आणि झुलत परत येतो. दुसरी चूक जास्त दिसते, कारण करवतीची पट्टी कापात अडकली की चढणारा सवयीने ‘अजून ताण’ म्हणतो. पट्टी अडकली तर आधी हुकची जागा पाहा. बहुतेक वेळा हुक बाजूला गेलेला असतो आणि ताण वाढवून ते सुधारत नाही.

चढणाऱ्याला हुकला बांधून वर नेण्याची परवानगी सगळीकडे नाही. जिथे आहे तिथेही ओझ्याचा ताण येण्याआधी त्याने हुकपासून सुटून झाडाला बांधलेले असले पाहिजे.

### पहिला तुकडा मुद्दाम लहान

पहिला तुकडा वजन कळण्यासाठी घ्या. समजा अंदाज ४०० किलोचा होता आणि लटकल्यावर मापकाने, हुकचे वजन वजा जाता, ५२० दाखवले. म्हणजे या झाडाचे खरे वजन तुमच्या अंदाजापेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघतेय. पुढच्या प्रत्येक आकड्याला १.३ ने गुणा. दर तुकड्याला ऑपरेटरने खरे वजन रेडिओवर सांगायची सवय लावा. बुंध्याकडे येईपर्यंत अंदाज बराच जवळ आलेला असतो, आणि जड तुकडे तिथेच असतात.

## ७. उतरवणे

लटकत्या ओझ्याखाली कुणी नाही, हे सगळ्यांना पाठ असते. तरीही लाकूड यंत्रात घालणारी माणसे घाईने पुढे येतात. उतरवायच्या जागेभोवती रेषा आखा आणि तुकडा टेकून स्थिर झाल्याशिवाय ती ओलांडू देऊ नका. तुकडा फिरत असेल तर टॅग लाइन (तुकडा खालून आवरायची दोरी) वापरा. ती हाताला गुंडाळू नका.

उभा तुकडा आधी बुंध्याकडून टेकवा, मग वायर सोडत आणि बूम सरकवत आडवा करा. गोल ओंडक्याला पाचर लावल्यावरच बेल्ट सैल करा. फांद्यांवर उभा राहिलेला शेंडा फसवा असतो : खालच्या फांद्या दाबलेल्या असतात, त्यातली एक कापली की सगळा भार लोळतो. तो हुकवर धरूनच खालून मोकळा करावा.

## ८. थांबायचे कधी

वाऱ्याची मर्यादा क्रेनच्या पुस्तकात असते. पालवीची फांदी शिडासारखा वारा धरते, म्हणून पानांच्या तुकड्यांना ती मर्यादा येण्याआधीच थांबा. गडगडाट ऐकू आला की बूम खाली.

झाड इतके वाळलेले किंवा पोखरलेले असेल की त्याला बांधून घ्यायला मन धजत नाही, तर चढूच नका. लिफ्टच्या बादलीतून किंवा ग्रॅपल-करवत (फांदी पकडून कापणारा पंजा) लावलेल्या क्रेनने ते काम होते.

क्रेन तारेला लागलीच, तर ऑपरेटरने केबिनमध्ये बसून राहायचे आणि जमिनीवरच्यांनी लांब जायचे, क्रेनला हात लावायचा नाही. आग लागल्यामुळे उतरावेच लागले तर क्रेन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय न उचलता घासत दूर जायचे.

आणि बुडखा. काम संपत आले की कुणीतरी म्हणतेच, ‘क्रेन आहेच तर एक ओढ देऊन बघू.’ जमिनीत मुळांनी धरलेल्या बुडख्याचे वजन कुणालाच काढता येत नाही, आणि मुळे तुटली की सगळा ताण एकदम सुटून बूम मागे उसळते. मुळे खणून तोडून बुडखा पूर्ण सुटा केला असेल, तर तो इतर ओझ्यासारखा, मातीचे वजन धरून उचलता येतो. नाहीतर क्रेनचे पाय उचला आणि बुडख्यासाठी त्याचा भुगा करणारा ग्राइंडर मागवा.